ट्रान्सप्लांटनंतरचा कोरडा खोकला आणि दम : "व्हायरल असेल" म्हणून वाट बघू नका

ताई, सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो, सविस्तर खाली लिहितो. भावाला आजच बेळगावला आणा, जिथं सीटी स्कॅन आणि ब्रॉन्कोस्कोपी (फुप्फुसात बारीक नळी घालून आतलं पाणी तपासणं) दोन्ही एकाच ठिकाणी होतं अशा हॉस्पिटलात, आणि गाडीत बसायच्या आधी बेंगलोरच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन करून सगळं सांगा. आणि गावातून सुरू केलेल्या क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची पुढची गोळी त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका, का ते पुढं येईलच.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात परत मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरी अशीच परिस्थिती असेल तर त्यांनाही कळेल. भाऊ चौतीस वर्षांचा, घर खानापूर तालुक्यात, आईनं किडनी दिली, बेंगलोरला ऑपरेशन होऊन आठ महिने झाले. सहाव्या महिन्यात सेप्ट्रानची (इन्फेक्शन होऊ नये म्हणून द्यायची) गोळी बंद झाली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत क्रिएटिनिन (किडनीचं काम कमी झालं की रक्तात वाढणारा आकडा) वाढलं म्हणून बायॉप्सी केली, रिजेक्शन निघालं, म्हणजे शरीर नवी किडनी नाकारत होतं, तीन दिवस सलाईनमधून स्टेरॉईड दिलं. आता दहा दिवस झाले कोरडा खोकला, रात्री 99-100 ताप, जिना चढला की दम, एक्स-रे "क्लिअर" आलाय. गावातल्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन आणि खोकल्याचं औषध दिलं, चार दिवस झाले, फरक नाही, उलट आता हात थरथरतायत आणि घरच्यांना वाटतंय अशक्तपणा आहे. तुमचा प्रश्न होता की अजून पाच दिवस बघू का, आणि सौंदत्तीला यल्लम्माला जायचं ठरलंय तर नेऊ का.

मी बेळगावात छातीचा डॉक्टर म्हणून बरीच वर्षं काम करतोय, ट्रान्सप्लांटचे पेशंट आमच्याकडं ऑपरेशनला नाही तर असल्या खोकल्याला येतात. पेशंट समोर नसताना मी निदान करणार नाही. पण तुम्ही लिहिलेल्या गोष्टी एकत्र ठेवल्या की माझ्या डोक्यात पहिलं नाव पीसीपीचं येतं, म्हणजे न्युमोसिस्टिस न्युमोनिया, आणि ते नाकारल्याशिवाय मी अशा पेशंटला घरी पाठवत नाही.

आता ताप कमी आहे म्हणून तुम्हाला धीर वाटतोय ते समजतं, पण ट्रान्सप्लांटच्या पेशंटमध्ये ताप कमी असण्याला काही अर्थ नाही हो. ताप, कफ, एक्स-रेवरचा पांढरा डाग हे सगळं जंतूमुळं जितकं दिसतं तितकंच आपल्या शरीराच्या प्रतिकारामुळं दिसतं, आणि टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, वायसोलोन (हे स्टेरॉईड) या तीन गोळ्यांचं कामच मुळी तो प्रतिकार दाबून ठेवायचं, नाहीतर आईची किडनी शरीर स्वीकारणार नाही. त्यामुळं आत फुप्फुस भरत चाललेलं असतं आणि बाहेर नुसता थोडा खोकला नि कणकण. साध्या माणसाला 103 ताप येऊन थरथर कापायला लागेल असल्या न्युमोनियात हा माणूस चहा पीत बसलेला असतो.

म्हणून मी एक साधी गोष्ट करतो. आमच्या ओपीडीबाहेर लांब व्हरांडा आहे. पेशंटला बोटाला ऑक्सिमीटर लावून आधी बसून आकडा बघायचा, मग त्या व्हरांड्यातून एक-दोन फेऱ्या नेहमीच्या चालीनं चालवायचं आणि आकड्यावर नजर ठेवायची. बसल्यावर 96 असतं, घरचे म्हणतात बघा की डॉक्टर चांगलं आहे, आणि अर्ध्या व्हरांड्यात 91, टोकाला जाईपर्यंत 87. पीसीपीत हे असं फार ठळक दिसतं, कारण जंतू फुप्फुसाच्या बारीक बारीक पिशव्यांत फेसासारखा भरतो आणि ऑक्सिजन रक्तात जायची वाटच अडवतो, बसल्यावर कसंबसं भागतं, चाललं की नाही. तुमच्याकडं कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर असणारच, बोटं गरम करून, नखाला रंग किंवा मेंदी नसलेल्या बोटावर लावून बघा. बसून 94 च्या खाली असेल किंवा चालल्यावर चार-पाचनं उतरत असेल तर ॲम्ब्युलन्स ऑक्सिजनवालीच बोलवा, बसनं नको. आणि आकडा चांगला आला तरी आज यायचंच आहे, चांगल्या आकड्यावर थांबायचं नाही.

एक्स-रे क्लिअर असण्याचंही तसंच. पीसीपीत सुरुवातीला एक्स-रे चक्क नॉर्मल असू शकतो. एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचा बारकाईनं काढलेला सीटी स्कॅन, केला की दोन्ही फुप्फुसांवर धुरकट काचेसारखा पडदा दिसतो, रिपोर्टमध्ये ग्राउंड ग्लास असं लिहिलेलं असतं. सीएमव्ही नावाच्या व्हायरसनंही जवळपास असंच दिसतं, आणि दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून रक्तातून सीएमव्हीचा पीसीआर (जंतूची जनुकं शोधणारी तपासणी) पाठवायला लागतो. भावाच्या चालू गोळ्यांत सीएमव्हीसाठीची व्हॅलगॅनसायक्लोव्हिर आहे का, होती तर कधी बंद झाली, हे तेवढं बघून ठेवा.

आता सेप्ट्रानचं. ही साधी स्वस्त गोळी, को-ट्रायमोक्साझोल, ट्रान्सप्लांटनंतर मुख्यतः याच पीसीपीसाठी देतात. बऱ्याच ठिकाणी सहा महिने ते वर्षभर, काही ठिकाणी त्याहून जास्त. बेंगलोरच्या टीमनं सहा महिन्यांनी बंद केली त्यात नियमाला सोडून काही नाही. पण नंतर रिजेक्शन आलं आणि स्टेरॉईडचे मोठे डोस गेले, तिथं हिशेब बदलतो. ट्रान्सप्लांटवाल्यांची एक ढोबळ वेळापत्रकासारखी समज असते, पहिल्या महिन्यात हॉस्पिटलमधले आणि ऑपरेशनच्या जखमेचे जंतू, महिना ते सहा महिने हे पीसीपी, सीएमव्ही, बुरशी, नोकार्डिया असले संधी साधणारे, आणि सहा महिन्यांनंतर गोळ्यांचे डोस उतरले की चारचौघांना होतात तसले न्युमोनिया आणि फ्लू. टीबी आपल्या देशात मधूनच कधीही, पहिल्या वर्षात जास्त. पण रिजेक्शनचा उपचार झाला की ते घड्याळ परत शून्यावर जातं. तुमच्या भावाचे कागदावर आठ महिने झालेत, फुप्फुसाच्या दृष्टीनं तो दुसऱ्या महिन्यात आहे. घरच्यांना आणि गावातल्या डॉक्टरांना हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून "सहा महिने पार पडले, आता धोका टळला" असं सगळे धरून चालतात. रिजेक्शनचा उपचार झाला की सेप्ट्रान परत सुरू करायची का, हे ज्यानं त्यानं आपल्या टीमला स्वतःहून विचारावं, संकोच करायचा नाही.

पीसीपीबद्दल अजून एक सांगतो. हा जंतू 1909 मध्ये पहिल्यांदा दिसला, आणि पुढं कितीतरी वर्षं तो प्रोटोझोआ गटातला एकपेशीय जीव समजला जायचा, 1988 ला त्याच्या जनुकांवरून कळलं की ही बुरशी आहे. पण बुरशी असूनही बुरशीची नेहमीची औषधं, फ्लुकोनॅझोल, ॲम्फोटेरिसिन, याच्यावर चालत नाहीत, चालतं ते सेप्ट्रानच, उपचाराला डोस कित्येक पट मोठा आणि सहसा 21 दिवस. नेहमीच्या कल्चरमध्ये (लॅबमध्ये जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) वाढत नाही, त्यामुळं "कफ कल्चरला पाठवला होता, काही आलं नाही" यानं पीसीपी नाकारता येत नाही. आणि हवेतून एका पेशंटकडून दुसऱ्याकडं जाऊ शकतो, जगात कितीतरी किडनी युनिटमध्ये अशा साथी झाल्यात, म्हणून फॉलोअपच्या ओपीडीत गर्दीत बसताना मास्क नाकाच्या वरपर्यंत हवा.

आता थरथरणाऱ्या हातांकडं येतो, कारण तुमच्या प्रश्नातलं हे वाक्य वाचून मला खोकल्याइतकीच काळजी वाटली. क्लॅरिथ्रोमायसिन हे औषध लिव्हरमध्ये टॅक्रोलिमस मोडणारी यंत्रणाच अडवतं. गोळी तेवढीच घ्यायची आणि रक्तात टॅक्रोलिमस दुप्पट-तिप्पट साठत जायचा. हात थरथरणं, डोकं दुखणं, बीपी आणि पोटॅशियम वाढणं, मागोमाग क्रिएटिनिन वाढणं, ही त्याची लक्षणं. म्हणजे हा अशक्तपणा नसावा, टॅक्रोलिमस जास्त झाला असावा, आणि त्यात जी किडनी वाचवायची तिलाच मार बसतो. गावातल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, रात्री-अपरात्री तेच बघतात आपल्या लोकांना, आणि साध्या माणसाला हे औषध बरोबरच आहे. पण ट्रान्सप्लांटच्या पेशंटला नवीन कुठलीही गोळी द्यायच्या आधी एक फोन झाला पाहिजे, कुणी दिली तरी, मी दिली तरी. एरिथ्रोमायसिन, बुरशीची फ्लुकोनॅझोल-व्होरिकोनॅझोल ही लेव्हल वाढवतात, टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिट्सच्या काही गोळ्या एकदम खाली आणतात मग रिजेक्शन. दुखण्यावरचं डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन तर नकोच, तापाला पॅरासिटामॉल चालतं. आणि घरच्या परसात पपनस असेल तर ते फळही नको, त्यानंही लेव्हल वाढते. गुळवेलीचा काढा कोविडपासून घराघरात झालाय, प्रतिकारशक्ती वाढते म्हणून आपले लोक प्रेमानं देतात, पण इथं आपण मुद्दाम प्रतिकार दाबून ठेवलाय ना, मग तो वाढवायचा काढा कसा चालेल, आईला नीट समजावून सांगा.

आज रक्त काढतील त्यात टॅक्रोलिमसची लेव्हल सांगा, आणि ती सकाळच्या गोळीच्या आधी काढायची असते, रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी. उद्या सकाळी काढणार असतील तर गोळी सोबत न्या, रक्त दिल्यावर घ्यायला सांगा. बरेच जण घरून गोळी घेऊनच येतात मग आकडा खोटा वाढलेला येतो आणि डोस उगीच कमी होतो. मात्र आपल्या मनानं टॅक्रोलिमस बंद करू नका हां. इन्फेक्शन मोठं असेल तर टीम बहुतेक मायकोफेनोलेट थांबवेल किंवा कमी करेल, पण वायसोलोन एकदम कधीच थांबवायची नसते, बीपी कोसळतं.

हे सगळं पीसीपी धरून लिहिलं, पण मी दुसऱ्या शक्यता सोडत नाही, आणि आपल्या भागात राहणाऱ्या माणसाला त्या विचाराव्याच लागतात. अगसगे-काकतीच्या बाजूला असो की तुमच्याकडं नंदगड-बिडीला, पेशंट आला की मी आधी विचारतो काय करत होतास. गुऱ्हाळावर होतास का, पाचट ओढलंस का, उकिरडा उपसलास का, भाताची मळणी, गवताची गंज, निपाणीकडचा असेल तर तंबाखूची वखार, घराचं जुनं बांधकाम पाडलं का, माळ्यावर कबुतरं आहेत का. लाजून सांगत नाहीत लोक, कारण डॉक्टरनी सहा महिने शेतात जाऊ नको म्हणून सांगितलेलं असतं.

एक पेशंट आठवतो, ट्रान्सप्लांटनंतर तब्येत एकदम छान झालेली, हंगामात गुऱ्हाळावर नुसतं बसायला म्हणून जायला लागला, मग चुलवाणात (गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीत) चोयट्या, म्हणजे रस काढलेल्या उसाची चिपाडं, घालायला हात लावायला लागला. महिन्याभरात खोकला, छातीत एका जागी टोचल्यासारखं, सीटीत गाठी आणि एका गाठीच्या मध्ये पोकळी. पोकळी म्हटली की आपल्याकडं सगळ्यांच्या तोंडी टीबी, औषधं लिहूनही झाली होती दुसरीकडं. ब्रॉन्कोस्कोपी करून पाणी तपासलं तर लॅबमधल्या मॅडमनी स्लाइडवर बारीक फांद्याफांद्यांचे धागे दाखवले, थोडे लाल थोडे निळे मण्यांच्या माळेगत, नोकार्डिया. मातीत, कुजक्या पाल्यात राहणारा जंतू. तो मेंदूत जातो म्हणून डोक्याचा एमआरआय करावा लागतो, पेशंटला काही त्रास नसला तरी, आणि औषध सहा महिने ते वर्षभर. त्याला टीबीची औषधं गेली असती तर रिफाम्पिसिननं टॅक्रोलिमस पार खाली गेला असता, किडनी गेली असती आणि जंतू तसाच राहिला असता. म्हणून मी एवढा आग्रह धरतो की आधी जंतूचं नाव कळू दे, अंदाजानं औषधं नकोत.

तसंच पाचट-कडब्याच्या धुरळ्यातनं ॲस्परजिलस नावाची बुरशी येते, आणि शुगर वाढलेली असेल तर म्युकर, म्हणजे काळी बुरशी, जो कोविडच्या दुसऱ्या लाटेत सगळ्यांनी बघितला. टॅक्रोलिमस आणि स्टेरॉईडनं ट्रान्सप्लांटनंतर नवीन डायबेटिस होतो, त्यामुळं भावाची शुगरही आज बघायला सांगा.

पावसाळ्यात तुमच्या जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात अजून एक आहे, मेलिऑइडोसिस. मातीतला आणि भाताच्या चिखलातला जंतू, कर्नाटकाच्या किनारपट्टीवर चांगला माहिती आहे, शुगरवाल्यांना आणि किडनीवाल्यांना जास्त धरतो, जोराच्या पावसानंतर जास्त. लॅबमध्ये तो बऱ्याचदा स्यूडोमोनास म्हणून किंवा "कंटॅमिनेशन" (बाहेरून नमुन्यात मिसळलेला जंतू) म्हणून जातो, डॉक्टरनी लॅबला आधी सांगितलं तर सापडतो. दोन आठवडे किंवा जास्त शिरेतून औषध आणि मग तीन ते सहा महिने गोळ्या, अर्धवट सोडलं की परत येतो. अनवाणी चिखलात उतरणाऱ्यांच्या पोटात स्ट्राँगिलॉइड्स नावाचा बारीक जंत वर्षानुवर्षं गुपचूप असतो, स्टेरॉईड वाढलं की तो सगळ्या अंगभर आणि फुप्फुसात पसरतो, म्हणून अनवाणी शेतात काम करायचा का हे डॉक्टरना आपणहून सांगा.

टीबी राहिला. गावात खोकला लांबला की लेव्होफ्लॉक्सासिन देतात, त्यानं टीबी अर्धवट दबतो, चार दिवस बरं वाटतं, आणि निदान महिनाभर मागं पडतं. भावाला ते अजून दिलेलं नाही हे चांगलं आहे. टीबी निघालाच तर घाबरायचं कारण नाही, रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन वापरता येतं किंवा टॅक्रोलिमसचा डोस वाढवून वारंवार लेव्हल बघत उपचार पूर्ण होतात, फक्त छातीचा डॉक्टर आणि किडनीचा डॉक्टर एकमेकांशी बोलले पाहिजेत. टीबीची सीबीनॅट तपासणी आणि औषधं सरकारी कार्यक्रमात फुकट आहेत.

तुमच्या वहिनीला ब्रॉन्कोस्कोपीची भीती वाटते असं लिहिलंय. नाकातून किंवा तोंडातून पेनपेक्षा बारीक नळी जाते, घसा बधिर करतात, झोपेचं हलकं औषध देतात, आत थोडं सलाईनचं पाणी सोडून परत ओढून घेतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम. त्या एका पाण्यातून पीसीपीचा पीसीआर, सीबीनॅट, बुरशीची स्लाइड, गॅलॅक्टोमॅनन (ॲस्परजिलसची तपासणी), कल्चर, नोकार्डियाचा स्टेन एवढं सगळं जातं, काही नमुने बाहेरच्या लॅबला जातात आणि दोन-चार दिवस लागतात. ऑक्सिजन फार उतरला की मग हीच तपासणी धोक्याची होते, व्हेंटिलेटरची तयारी ठेवून करावी लागते. म्हणून पाच दिवस बघू नका म्हणतोय. रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टर सेप्ट्रानचा मोठा डोस सुरू करतील बहुधा, ते योग्यच आहे, पीसीपीचा जंतू औषध सुरू झाल्यावरही काही दिवस पाण्यात सापडतो. त्या डोसनं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन वाढतं, त्यामुळं ते वरचेवर तपासतील. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

सौंदत्तीचं म्हणाल तर आत्ता नाही. पौर्णिमेची गर्दी, धूळ, उधळलेला भंडारा, रात्री उघड्यावर मुक्काम, यातलं काहीही त्याच्या फुप्फुसाला नको. आईला सांगा देवी कुठं जात नाही, तो बरा झाल्यावर, डोस उतरल्यावर, गर्दी नसलेल्या दिवशी सकाळी मास्क लावून दर्शन घेऊन परत यायचं. घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्या, भावालाही ती दरवर्षी, शिवाय न्युमोकॉकलची, पण कधी द्यायची ते टीम ठरवेल. जिवंत जंतूंच्या लसी, कांजिण्याची किंवा गोवराची, त्याला ट्रान्सप्लांटनंतर द्यायच्या नाहीत.

आता निघताना काय घ्यायचं ते. ट्रान्सप्लांटचं डिस्चार्ज कार्ड, त्यावर आईचा आणि भावाचा सीएमव्हीचा रिपोर्ट असतो. रिजेक्शनच्या वेळचे कागद, किती स्टेरॉईड गेलं ते. आधीच्या टॅक्रोलिमस लेव्हल आणि क्रिएटिनिन. चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, नुसती नावं नको, पट्ट्याच, गावातून दिलेल्या औषधांच्या रिकाम्या पट्ट्यासुद्धा. एक्स-रेची फिल्म. आणि एका कागदावर कन्नडमध्ये आणि इंग्रजीत दोन्हीकडं ठळक लिहून घ्या की याची किडनी बदललेली आहे, टॅक्रोलिमस चालू आहे, टीमचा फोन नंबर हा. कॅज्युअल्टीत रात्री ड्युटीवर असलेल्या पोराला मराठी येईलच असं नाही, हुबळीला जावं लागलं तर नाहीच, आणि गडबडीत घरच्यांना नीट सांगता येत नाही. तो कागद भावाच्या शर्टाच्या खिशात ठेवा, तुमच्या पिशवीत नको, कारण आत त्याला एकट्यालाच घेतात. पोचल्यावर पहिल्यांदा ऑक्सिमीटर लावून चालवून बघायला सांगा, आणि बसल्याचा आणि चालल्याचा असे दोन्ही आकडे मला इथंच कळवा.